लाल वायर

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

आरोग्य तपासणीच्या गाडीचे ड्रायव्हर नाना माझ्या दुकानात आले होते. काल पहूरजवळच्या गावात तपासणी चालू असताना रांगेतल्या एका अक्कांच्या छातीत कळ आली. त्यांना त्याच गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं ठरलं, तर गाडी चालूच होईना. दुसरी गाडी येईपर्यंत अक्का गेल्या.

"बॅटरीच जुनी व्हती," नाना म्हणाले. "तुना काय दोष शे, भाऊ?"

मी मान हलवली. का हलवली?

गाडीतल्या कॉम्प्युटरचं वायरिंग मीच केलेलं. त्याला वेगळी बॅटरी हवी, हे मला ठाऊक होतं. पण गाडीवाल्यांना घाई होती, मलाही कंटाळा आला होता. लाल वायर गाडीच्याच बॅटरीला जोडली, म्हटलं वेगळी नंतर बसवू. काल सकाळपासून उभ्या गाडीत कॉम्प्युटर चालू होता. बॅटरीत उरणार काय?

नाना नवी बॅटरी घेऊनच आले होते. मी ती बसवली. आणि तीच लाल वायर पुन्हा तिलाच जोडली. वेगळी बॅटरी काढून तिला जोडली असती, तर नानांनी विचारलं असतं, का म्हणून.

उद्या गाडी रावेरला जातेय.