खंडेनवमीच्या नारळाने बुडवलेले ईमेल

प्रति,
मा. जिल्हा उपनिबंधक साहेब,
सहकारी संस्था, नंदुरबार.

अर्जदार : सौ. चारुलता नवनीत पाटील, रा. कळसाडी, ता. शहादा.

विषय : बंद पडलेला ईमेल सर्व्हर कोणीही पुन्हा चालू करू नये, असा तातडीचा आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : तापीतीर केळीप्रक्रिया सहकारी संस्था, कळसाडी यांचे नवनीत पाटील यांना कार्यमुक्त करण्याचे पत्र.

महोदय,

१. अर्जदाराचे पती नवनीत हे सदर संस्थेत संगणक सांभाळतात. चेअरमन दिलवरसिंग गिरासे चारचौघांत "फुकटचा पगार खातो" म्हणाले, तसे नवनीत यांचे डोके फिरले आणि तिथल्या तिथे त्यांनी ईमेलने राजीनामा पाठवला. माणूस गुणी, पण रागात मागचापुढचा विचार नाही. अर्जदाराने घरी चांगलीच खरडपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, कार्यालय उघडताच त्यांनी राजीनामा मागे घेतल्याचा ईमेल केला. चेअरमन साहेबांचे उत्तरही आले : "ठीक आहे, पूजेच्या तयारीला लागा."

२. आता पूजेचे ऐकावे. बॅकअपची डिस्क सर्व्हरपासून वेगळी, कपाटात ठेवायची असते. साहेब म्हणाले, सर्व्हरला हळदकुंकू आणि तिला नाही, असे कसे? नवनीत नको नको म्हणत राहिले, ऐकतो कोण! डिस्कचा हिरवा दिवा लागलेला दिसावा म्हणून तीही सर्व्हरला जोडून एकाच पाटावर मांडली आणि साहेबांनी नारळ सर्व्हरच्या डोक्यावरच फोडला. पाणी जाळीतून आत गेले, डिस्कवरही सांडले. दोन्ही जागीच गार. दुसरा बॅकअप नाही, कारण नव्या डिस्कची मागणी "पुढच्या सभेत बघू" यातच अडकली आहे.

३. शिपाई लोटन याने राजीनामा मात्र आल्या आल्या छापून फायलीला लावला होता. माघारीचा ईमेल छापायला पूजेच्या गडबडीत कोणाला सवड झाली नाही. त्या छापील राजीनाम्यावरच नवनीत यांना कार्यमुक्त केले आणि आता साहेब म्हणतात, माघारीचा कागद दाखवा. स्वतः लिहिलेले उत्तर त्यांना आठवत नाही म्हणे! अहो, नोकरी सोडलेल्या माणसाला कोणी पूजेच्या तयारीला लावते का?

४. सुरतच्या तंत्रज्ञाने फोनवर बजावले आहे : सर्व्हरच्या आतल्या डिस्कमधले ईमेल निघू शकतील, पण ती चालू कराल तितकी आतली चकती घासेल आणि मग काहीच हाती लागणार नाही. तरीही साहेब रोज हाक मारतात, "देख रे लोटन, चालू व्हयनी का?" लोटन बटण दाबतो. आतून खरखर येते.

५. सासूबाई गजराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "मन्हा पोऱ्याना काय गुन्हा शे?" याचे उत्तर आपल्याजवळ असल्यास कळवावे.

६. तरी सर्व्हर व डिस्क चालू न करता सीलबंद करून सुरतला पाठवण्याचा आदेश व्हावा, ही विनंती. आज सकाळपासून अर्जदार सर्व्हरच्या खोलीच्या दारात बसून आहे. हा अर्ज तिथेच लिहून सासूबाईंच्या हाती पाठवला आहे. लोटन येऊन, खाली मान घालून परत गेला. आता साहेब स्वतः येणार असे कळते. येऊ देत. अर्जदाराला ओलांडून बटण दाबायचे असेल तर खुशाल दाबावे. आपला आदेश आल्याशिवाय ती उठणार नाही.

आदेशाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
सौ. चारुलता नवनीत पाटील
कळसाडी, दि. ९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) राजीनाम्याची छापील प्रत.
२) राजीनामा मागे घेतल्याचा ईमेल व साहेबांचे उत्तर : जोडता आले नाही. अर्जदाराच्या पाठीमागे, खोलीत आहे.