जास्तीची पाकळी

ल्यों, ४ नोव्हेंबर १७८२

ती. क्लोदीनताईस,
बेनवाचा सा. न. वि. वि.

तुझ्या बाईसाहेबांच्या दरबारी झग्याचं रेशीम विणून झालं. गायारशेठ कालच घेऊन गेले. मोतिया जमीन, त्यावर लाल फुलं. पण एक गोष्ट मनाला खाते आहे. पेरनेत शेजारी बसून नक्षीच्या दोऱ्या ओढते आणि मी धोटा टाकतो, हे तुला ठाऊक आहेच. पाचव्या फुलाला तिला खोकल्याची उबळ आली, भलतीच दोरी ओढली गेली आणि फुलाला एक पाकळी जास्त आली. माझ्या ध्यानात आलं तोवर हातभर विणून झालं होतं. शिंपिणीला सांगून ते फूल चुणीत लपव. पेरनेत मला हसते. म्हणते, काउंटेसबाईंना पाकळ्या मोजण्याइतकी सवड असती तर स्वतःच्या गुंड्या स्वतः लावल्या नसत्या का?

शेठ म्हणाले, की झगा दरबारात गाजला तर याच नक्षीची मागणी येईल. म्हणजे माग चालेल, पेरनेतचं काम राहील आणि ईस्टरनंतर आमचं लग्न. तेव्हा बाईसाहेब काय म्हणाल्या ते लगेच कळव.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
बेनवा


व्हर्साय, २ डिसेंबर १७८२

चि. बेनवास अनेक आशीर्वाद.

रेशीम पाहून बाईसाहेब आरशापुढून हलेनात. शिंपिणीने तुझं फूल पाठीच्या चुणीत असं दडवलंय, की तुलाही सापडणार नाही. लहानपणी दाराची कडी तीनतीनदा तपासायचास, अजून तसाच आहेस.

पण झगा पेटीत गेला. परदेशी राजघराण्यातली कुणी म्हातारी वारली आणि दरबाराला वसंत संपेतो दुखवटा लागला. इथे तिला कुणी पाहिलेलंही नाही, तरी सगळे काळ्यात. बाईसाहेबांच्या कुत्रीच्या गळ्यातली लाल फीतसुद्धा उतरवली. पेरनेतला म्हणावं, दम धर.

तुम्हा दोघांची आठवण काढणारी,
क्लोदीन


ल्यों, १९ जानेवारी १७८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

शेठ काळं रेशीम घेऊन आले. म्हणाले, की सगळ्या दरबाराला काळं हवंय, नशीब काढलंस. पण दुखवट्याचं रेशीम साधं असतं, ताई. नक्षी नाही म्हणजे दोऱ्या ओढायच्या नाहीत. पेरनेत धोट्याच्या कांड्यांवर धागा भरेल म्हटलं, तर शेठ म्हणाले, ते काम त्यांची भाची करते.

पेरनेत आठवडाभर मागाशेजारी नुसती बसून राहिली. मी काही मार्ग काढीन असं तिला वाटत असावं. मी धोटा टाकत राहिलो. शेवटी सव्हॉयच्या डोंगरात, आपल्या गावाकडे परतणाऱ्या मुलींबरोबर ती निघाली, बर्फात, त्या खोकल्यासकट. जाताना म्हणाली, की काळ्यात फुलं उगवली की हाक मार, तोवर माझं स्टूल शेठच्या भाचीला देऊ नकोस. थांब म्हणावंसं वाटलं. पण कशाच्या जोरावर म्हणणार?

दुखवटा संपल्यावर बाईसाहेब झगा घालतील ना? एवढंच लिही.

तुझा,
बेनवा


व्हर्साय, १० जून १७८३

चि. बेनवास आशीर्वाद.

कसं लिहू? दुखवटा संपला. मी झगा काढून पलंगावर मांडला. बाईसाहेबांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, हा झगा आहे की पडदा? आता सगळ्या पांढऱ्या मलमलीत फिरतात, कमरेला एक फीत, बस्स. आपली आजी तसल्या कपड्यात अंथरुणातून उठलीसुद्धा नसती. धीर करून सांगितलं, की हे माझ्या भावाने विणलंय. तर म्हणाल्या, मग तूच ठेव. धनिणीचा उतरलेला कपडा दासीचा, हा इथला रिवाजच. पण हा तर अंगावर चढलाच नव्हता. मी तो पाद्रीबाबांना दिला, सणाच्या प्रार्थनेचा झगा करायला. त्याआधी चूण उसवून तुझं फूल तेवढं कापून घेतलं. सोबत आहे. तुला हवं तिथे पोचव.

काही करू न शकलेली तुझी बहीण,
क्लोदीन


ल्यों, ३० जून १७८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

फूल पोचलं. बाजारात पेरनेतच्या गावची चीजवाली भेटली. म्हणाली, की पोर ईस्टरपासून अंथरुणाला खिळली आहे आणि ल्योंहून येईल त्याला विचारते, यंदा तिकडे काय घालतात? माझ्या मागावर सध्या पांढरं, बिननक्षीचं, जाळीसारखं विरळ कापड आहे. ते सांगवेना. मी फूल त्या बाईच्या हातात दिलं आणि म्हटलं, की तिला सांगा, नवी मागणी आली, हा त्याचा नमुना. लवकर बरी हो, स्टूल रिकामंच आहे.

माझ्यावर रागावू नकोस. लोभ होता तसाच राहू दे.

बेनवा

ता. क. बाई निघून गेल्यावर ध्यानात आलं. पेरनेत पाकळ्या मोजेल.