बाबा शिडीवर चढले, पण तसे नव्हे

प्रिय मायलिस आत्यास,

इडोयाचा मनापासून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापा (तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, पण घरची रीत मोडली तर ‘शिकून शेफारली’ म्हणशील). तुझा रक्तदाब कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना? हे पत्र पुढे वाचण्याआधी आजची गोळी पोटात गेलेली असावी, अशी माझी नम्र विनंती आहे. बॉयसीत आता उन्हं पडायला लागली असतील. शेजाऱ्यांचा कुत्रा अजून तुझ्या ट्युलिपच्या वाफ्यातच बसतो का? इकडे नेवाड्यात नेहमीसारखा वसंत आहे, म्हणजे सकाळी बर्फ, दुपारी वाळू आणि दोन्हींत वारा. बाबांचा नवा खुबा उत्तम आहे. डॉक्टरीणबाईंनी परवाच तपासला आणि ‘हा खुबा माणसापेक्षा शहाणा आहे’ असं म्हणाल्या.

फोनवर तू मला जे बजावलं होतंस ते मी विसरलेले नाही. ‘तुझा बाप बेन्यात एकदा जरी शिडीवर चढला, तरी मी गाडी घेऊन येईन आणि त्याला सामानासकट उचलून बॉयसीला आणीन. गॅरेजवरची खोली मी रंगवूनसुद्धा ठेवली आहे. तू शिकलेली आहेस, म्हणून तुझ्यावर सोपवते.’ (आपल्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, त्यामुळे बिघडलेला टीव्ही, सरकारी कागद आणि बाबांचा खुबा ही तिन्ही खाती आपोआप माझ्याकडे आली आहेत. माझा विषय समाजशास्त्र होता, हे कुणी लक्षात घेत नाही.) आता तळ्यावरची डोलोरेस सांगते की गुरुवारची हकीकत तुझ्या कानावर गेली आहे. बाबा शिडीवर चढले, घरातल्या सपाता घालून चढले आणि एका परक्या माणसाच्या पाठीला चिकटून चढले, अशी. आत्या, मी खोटं लिहिणार नाही. यातला प्रत्येक शब्द खरा आहे, पण सगळे एकत्र वाचले की अर्थ चुकीचा निघतो. म्हणून सविस्तर लिहिते.

तळ्यावरची आपली रांग तुला वेगळी सांगायला नको. उजाडायच्या आत जो तो आपली घडीची शिडी छातीभर पाण्यात नेऊन रोवतो, जिथे तळ एकदम खोल जातो त्या कडेला, आणि वर चढून पिसांच्या खोट्या माश्या दूर फेकत बसतो. शिडीवर पाय कोरडे राहतात, दोरी लांब जाते आणि कडेकडेने फिरणारे ट्राउट मासे वरून दिसतात. बाबांचा खुबा बदलल्यापासून मात्र एक नवी गोष्ट सुरू झाली, जी तुला ठाऊक नसेल. त्यांची शिडी रोज कुणीतरी त्यांच्या जागेवर नेऊन उभी करतं. ऑर्व्हिल (शाळेची बस चालवायचा तो, आता दोन्ही कानांनी ठार बहिरा) आणि डोलोरेस यांच्या मधोमध ती रिकामी शिडी दिवसभर उभी असते. तिला कुणी हात लावत नाही, तिच्यावर साधा डबासुद्धा ठेवत नाही. मालक येईपर्यंत किंवा मालकाने ‘आता नको’ म्हणेपर्यंत ती तिथेच राहणार, असं रांगेचं ठरलं आहे.

आणि मालक काठावर खुर्चीत. पहिले काही दिवस मजेत गेले. बाबा तिथूनच ओरडायचे. ‘डोलोरेस, दोरी ओढतेस की वाळत घातलेले कपडे?’ डोलोरेस मागे न बघता म्हणायची, ‘बेन्यात, तुझे धुतले असते तर दोन दिवस वास गेला नसता.’ ऑर्व्हिलला काहीच ऐकू यायचं नाही, तरी तो सगळ्यात जास्त हसायचा. मला वाटलं, जमलं. पण गेल्या आठवड्यात बाबांचं ओरडणं बंद झालं. आधी मला वाटलं घसा बसला. मग एका सकाळी बघते तर त्यांनी खुर्ची फिरवली होती. तळ्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. आत्या, त्या रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे? एक पाटी आणि तिच्यावर गोळ्यांची भोकं. मी विचारलं, बाबा, पाण्याकडे का बघत नाही? म्हणाले, ‘बघून काय करू? तुझ्या आत्याला सांग, खोली तयार आहे ना, मग येतो म्हणावं.’ हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला रडूच आलं. मला ते जायला नको होते. आणि त्यांनी शिडीवर चढायलाही नको होतं. या दोन्हींच्या मधली वाट शोधायला माणूस विद्यापीठात जातो, असं मी मनाशी म्हटलं.

म्हणून मी बुधवारी संध्याकाळी डोलोरेसच्या पिकअपच्या मागे सगळ्या रांगेची बैठक घेतली. मी त्यांना सांगितलं की बाबांचं दुःख खुब्याचं नाही, वेगळं पडल्याचं आहे. सगळे उंचावर आणि एकटा माणूस खाली. तेव्हा एक दिवस, फक्त एक दिवस, आपण सगळेच खाली उतरू. शिड्या जागेवर राहू देत, आपण त्यांच्या शेजारी पाण्यात उभे राहून मासे धरू. बाबांना कळेल की रांग त्यांच्याबरोबर आहे. (मी ‘सहवेदना’ हा शब्दही वापरला. तो वापरायला नको होता, असं आता वाटतं.) मग ऑर्व्हिलला सगळं कागदावर लिहून दाखवावं लागलं, ते वाचून तो म्हणाला, ‘पोरी, मी इतकी वर्षं वर उभा आहे, खाली गेलो तर मासे ओळख तरी देतील का?’ कुणीतरी पाण्याच्या थंडीबद्दल आणि आपल्या अजून व्हायच्या पोरांबद्दल काहीतरी म्हणालं, ते मी इथे लिहीत नाही. शेवटी डोलोरेसनेच बैठक संपवली. ‘त्या खडूसासाठी एक दिवस भिजू. पण दुसऱ्या दिवशी कुणी सहवेदना म्हणालं, तर त्याला मी बुडवीन.’

गुरुवारी उजाडताना मी बाबांना नेऊन खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मुद्दाम तळ्याकडे वळवली. समोर अकरा शिड्या रिकाम्या आणि बाबांची सोडून प्रत्येक शिडीच्या शेजारी पाण्यात एकेक डोकं. मला तर ते दृश्य फार उदात्त वाटलं. बाबांनी कितीतरी वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘हे काय? कोण मेलं?’ मी समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ‘म्हणजे माझ्या खुब्याची वरात काढलीस?’ असं म्हणून ते पुन्हा खुर्ची फिरवायला लागले. (पण डोळे पुसत होते, हे मी पाहिलं. वाऱ्याने, असं त्यांचं म्हणणं.) तिकडे पाण्यात सगळ्यांची दातखीळ बसलेली. खालून दोरी अर्ध्यावरच पडत होती आणि ट्राउट आरामात तिच्यापलीकडून फिरत होते. कुणालाही एकसुद्धा मासा लागला नाही.

एवढ्यात शहरातल्या कुठल्याशा कंपनीची सहल येऊन पोचली. पाच जण, नवे कोरे कपडे, एकाच्या टोपीला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. त्यांच्या वाटाड्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की तुमच्या शिड्या पाण्यात लावून ठेवल्या आहेत, सरळ जाऊन चढा. त्या शिड्या पलीकडच्या काठावर होत्या. पण वाटाड्याची गाडी वाळूत रुतलेली, आणि यांना तर समोर शिड्याच शिड्या दिसल्या. ते सगळ्यांना ‘सुप्रभात’ म्हणत म्हणत पाण्यात शिरले आणि चढले. आत्या, यांना दोष कसा देऊ? पाण्यात उभी असलेली आपली माणसं शिडी धरायला ठेवलेली आहेत, असा त्यांचा समज झाला. एका बाईंनी ऑर्व्हिलच्या हातात कॉफीचा पेला दिला आणि म्हणाल्या, ‘जरा घट्ट धरा हं.’ ऑर्व्हिलला ऐकू आलं नाही, पण खूण कळली. त्याने धरली. बाई बाकीच्यांना म्हणाल्या, ‘सोय किती छान ठेवली आहे!’

तू विचारशील, कुणी बोललं का नाही? अगं, रांगेत आजवर कुणी दुसऱ्याच्या शिडीवर पायच ठेवलेला नाही, त्यामुळे ‘उतर खाली’ हे कसं म्हणायचं, याची कुणाला सवयच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ठरवलं मी होतं ना! आणि मी (हे लिहिताना लाज वाटते) त्या पाहुण्यांना काठावरूनच सार्वजनिक वस्तू आणि परस्परांवरचा विश्वास यांतला फरक समजावून सांगायला लागले. वारा उलटा होता. बहुतेक ते कुणाच्याच कानावर गेलं नाही.

बाबांच्या शिडीवर ट्रेंट नावाचा एक मुलगा चढला होता. त्याने पहिल्यांदाच दोरी फेकली, तीही स्वतःच्या कानावरून, आणि त्याला मासा लागला. साधासुधा नव्हे. काठी कमानीसारखी वाकली, ट्रेंट किंचाळला. आणि माझ्या मागून, आठवडाभर मुका असलेला आवाज आला. ‘काठी वर! वर रे! वर म्हणजे आभाळाकडे, गाढवा!’ बाबा उभे राहिले होते. ‘सोड, दोरी सोड! मासा आहे तो, बैल नाही ओढायला!’ ट्रेंट म्हणाला, ‘काका, मी पडतोय!’ आणि तो खरंच पडत होता. मी बाबांचा हात धरायच्या आत ते पाण्यात होते, सपातांसकट (तू नाताळला पाठवलेल्या त्याच, लोकरीच्या). मागून शिडी चढले आणि त्यांनी त्या मुलाचा पट्टा मुठीत धरला. आत्या, तुझी अट मी अशी समजते की बाबांनी मासे धरायला शिडीवर चढायचं नाही. त्यांनी मासा धरला नाही. काठीला बोटसुद्धा लावलं नाही. त्यांनी फक्त एक मुलगा धरला.

मासा आला. गळ्याखाली ती लाल रेघ, बाळंतघरातून आणलेल्या पोराएवढं वजन. डोलोरेसने जाळीत घेतला, सगळ्यांनी बघितला आणि सोडून दिला. ट्रेंट रडला. सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या, त्याही गारठलेल्या हातांनी, त्यामुळे आवाज झाला नाही. तोवर वाटाड्या धापा टाकत पोचला आणि आपल्या लोकांना क्षमा मागत मागत घेऊन गेला. शिड्या रिकाम्या झाल्या. बाबा तेवढे वरच होते. मी म्हटलं, बाबा, उतरा आता. ते म्हणाले, ‘थांब गं जरा. बघू दे.’ पलीकडच्या डोंगरांवर नुकतं ऊन आलं होतं. मी थांबले. तूही थांबली असतीस.

तर हे असं झालं. तू न्यायाने विचार करशील अशी खात्री आहे. बाबांना नेऊ नकोस, एवढंच मागणं. दाराशी कुणी आलं तर ते पुन्हा ओरडायला लागले आहेत, त्यावरून प्रकृती समजून घे.

तुझी आज्ञाधारक (बऱ्याच अंशी),
इडोया

ता. क. बाबा उतरताना पडले नाहीत. डोलोरेस एका बाजूने आणि दोन भिजलेले म्हातारे दुसऱ्या बाजूने, असं देव्हाऱ्यातले देव उतरवावेत तसं त्यांना उतरवलं. एक सपात तळ्यात गेली.

ता. क. २. पडले ती मी. बाबा ऐकत नव्हते तेव्हा मी शेजारच्या, ऑर्व्हिलच्या शिडीवर चढले. समोरच्या माणसाशी त्याच्याच पातळीवर येऊन बोललं की तो ऐकतो, असं आम्हाला शिकवलं आहे. ते खरं असेल, पण ओल्या शिडीवर नसावं. उजवा घोटा मोडला आहे, प्लास्टर आहे. त्याच डॉक्टरीणबाईंनी मलाही शिडीला बंदी केली आणि विचारलं, तुमच्या घरात अजून कोण कोण बाकी आहे?

ता. क. ३. म्हणून खरी विनंती ही की तू ये. बाबांना न्यायला नव्हे, राहायला. प्लास्टर निघेपर्यंत तरी. बाबा तिन्ही त्रिकाळ डब्यातला घेवडा गरम करून वाढतात आणि ‘विद्यापीठात याहून बरं मिळायचं का?’ असं विचारतात. येताना मोठी बॅग आण, पण भरलेली.

ता. क. ४. पाकीट बंद करायच्या आधी बाबांनी पत्र मागून घेतलं. खाली त्यांचं अक्षर आहे. मी वाचलेलं नाही.

मायलिस, पोरीने सगळं लिहिलं आहे, जरा जास्तच. त्या खोलीचा रंग पिवळा आहे असं कळलं. ती भाड्याने दे. मी पुन्हा शिडीवर चढणार नाही, पण शिडी रिकामी ठेवायची सोय आता राहिली नाही, कुणीही येऊन बसतं. तू दोरी माझ्याहून लांब फेकायचीस. आई-वडिलांसमोर हे मी कधी कबूल केलं नाही, आता लेखी देतो. ये. तू वर चढ, मी काठावरून ओरडतो.
बेन्यात