आडू, बदाम आणि तपासलेल्या कळ्या

निजामपुरा, भिवंडी
२० फेब्रुवारी १९८९

प्रिय मेहुणे तुळशीराम यांस भिवंडीहून चांगदेवचा जय भीम.

तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? तिकडे डोंगरात अजून बर्फ असेल, त्यात तुझं ट्रक चालवायचं काम, तेव्हा छातीला लोकरीचं काहीतरी बांधत जा. गोविंदी कशी आहे? (हा प्रश्न तुझ्या बहिणीचा. माझाही आहे. घरातल्या तिसऱ्या माणसाचा आहे की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण तुझ्या लग्नाची बातमी आल्यापासून आईंच्या तोंडून ते नाव निघालेलं नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणशील तर तुझी बहीण हौसा माझ्याशी फक्त जेवायच्या वेळी बोलते, आणि आई तेव्हाही बोलत नाहीत. ते कशामुळे, हेच सांगायला बसलोय. बातमी तुझ्या झाडाची आहे. बसून वाच.

तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी तू एकटाच आलास. तिला घेऊन येऊ नको, कुठली कोण, कूळ ना मूळ, असं आई रागात बोलून गेल्या होत्या आणि तूही त्यांचाच मुलगा, ते शब्द धरून बसलास. गोणपाटात गुंडाळलेलं काटकुळं रोप तू घराशेजारच्या लूमच्या शेडमागे लावलंस, आणि जाताना पायरीवर चपला घालता घालता म्हणालास की हे फुललं की येईन. आम्ही बाकीचे काय ते समजलो. मे महिन्यात जिथे पत्र्यावर पापड भाजून निघतो, त्या भिवंडीत डोंगरातलं झाड फुलणार कधी आणि तू येणार कधी! तू आपलं चांगल्या शब्दांत ‘येत नाही’ म्हणालास. पण आईंनी ते खरं धरलं. चार वर्षं रोज सकाळी त्या झाडापाशी जातात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, दिसत काही नाही, म्हणून एकेक फांदी बोटांनी चाचपतात आणि परत येऊन म्हणतात, आज न्हाय. मग चहा. हे ‘आज न्हाय’ ऐकल्याशिवाय आमच्या घरात स्टोव्ह पेटत नाही. (मी एकदा म्हटलं, आई, अहो पावसाळ्यात कुठलं झाड फुलतंय? तर त्या दिवशी चहा उशिरा झाला.)

आता इद्रीसभाईंचं ऐक. आपले घरमालक, शेडमधले लूम, म्हणजे कापडाचे माग, त्यांचेच. यंदा धंदा बरा आहे, त्यांना आणखी लूम बसवायचे आहेत, म्हणजे शेडची मागची भिंत आणखी मागे सरकवायची, म्हणजे तुझ्या झाडाच्या बरोबर डोक्यावर. मी विरोध केला. इद्रीसभाई माणूस दिलदार, पण हिशेबी. म्हणाले, चांगदेवभाई, बादाम का झाड हो तो मैं क्या, मेरे अब्बा भी कबर से उठके हाथ नहीं लगाएंगे. पण आलुबुखार असेल तर सांग बाबा, खटाई के वास्ते मैं लूम नहीं रोकूंगा. झालं! झाडाचा जीव त्याच्या जातीवर येऊन ठेपला. आणि जात कोणाला माहीत? तुला विचारलं होतं तेव्हा तू लिहिलंस की गोविंदीच्या माहेरी परसातल्या एका कोपऱ्यात सगळ्या फळांच्या कोया फेकतात, त्यात हे आपोआप उगवलं, फुलल्याफळल्याशिवाय काय ते कळायचं नाही. (झाड तिच्या माहेरचं आहे, हे आम्ही आईंना कधी कळू दिलं नाही. उगाच कशाला आगीत तेल.)

आता तू म्हणशील, चांगद्या, तुला काय कळतं यातलं? बाबा रे, कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं शिपाईगिरी केली आहे. मुलं येतात, पास होतात, जातात. मी तिथेच आहे, आणि प्रत्येक वर्षी तेच तेच ऐकतो आहे. एवढं ऐकून दगडालाही डिग्री मिळाली असती. ऐक तर मग. आडू म्हणजे आपलं पीच, आलुबुखार, बदाम, खुबानी म्हणजे जर्दाळू, चेरी ही सगळी एका घराण्यातली, आणि हे घराणं गुलाबाचं! सफरचंदसुद्धा त्यांच्याच भावकीत, जरा लांबचं. सफरचंद सोडलं तर सगळ्यांना एकच कोय, त्यात एक बी, आणि फळाच्या अंगावर वरून खालपर्यंत एक शिवण. आडूचा आपण गर खातो आणि कोय फेकतो, बदामाचा गर वाळून फेकला जातो आणि कोयीतली बी खातो, एवढाच काय तो फरक. आलुबुखाराची कोय गुळगुळीत, आडूची खाचाखाचांची, बदामाची बारीक भोकाभोकांची. आणि गणेशपुरीच्या रस्त्याला तो मोठ्या पानांचा बदाम आहे ना, ज्याच्या फळांना आपण लहानपणी दगड मारायचो, तो या घराण्यातलाच नाही. नुसतं नाव लावून फिरतो. हे मी इद्रीसभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून आधी दाराबाहेर बघून घेतलं, कारण त्यांच्या दाराशी तोच आहे.

हे सगळं मी आईंनाही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, म्हणजे बोटांनी खडे शोधत होत्या. मी म्हटलं, मोठमोठ्या पंडितांत यावरून कित्येक पिढ्या भांडण चाललंय. काही म्हणतात सगळ्यांची चूल एक, काही म्हणतात बदाम आणि आडू वेगळे निघालेत, त्यांना वेगळं नाव द्या. आईंनी हात थांबवला आणि विचारलं, म्हंजे दिसाया येगली, रानं येगली, तरी घर येकच? मी म्हटलं, अगदी बरोबर, आणि आता कोयीवरच्या खाचांकडे येतो. पण त्यांचं पुढे लक्षच नव्हतं. तांदळात मात्र त्या दिवशी खडे राहिले. विज्ञानाची आवड सगळ्यांना नसते, त्याला आपण काय करणार.

तर फळ नाही, फूल नाही, मग ओळखायचं कसं? मी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सोपं आहे, फांदीवरचा एक डोळा, म्हणजे बंद कोंब, उघडून बघ. आत कोवळं पान विडीसारखं गुंडाळलेलं असेल तर आलुबुखार, वहीसारखं मधोमध दुमडलेलं असेल तर आडू नाहीतर बदाम. शिवाय आलुबुखाराला पानाच्या बेचक्यात एकच डोळा असतो, आडू-बदामाला तीन असतात, मधला पानाचा आणि बाजूचे दोन फुलांचे. एक डोळा उघड, असं मॅडम म्हणाल्या. एक! हे मी आत्ता लिहिताना मला स्वच्छ ऐकू येतंय. पण सोळा वर्षं आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पाटी आहे, दर सोमवारी मीच ती पुसतो, तिच्यावर लिहिलंय की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. रोज नजरेसमोर असलेली पाटी माणसाच्या रक्तात उतरते, तुळशीराम. मी मॅडमचं ऐकलं नाही, पाटीचं ऐकलं.

रविवार होता. दाढीचं नवं पातं, खिशात भिंग, असा मी झाडाशी गेलो. पहिलाच डोळा उघडला, आणि काय सांगू, आतलं पान वहीसारखं दुमडलेलं! आणि बाजूला दोन गुबगुबीत, लव असलेले डोळे! म्हणजे आलुबुखार नाही! झाड वाचलं! इथे मी पातं खिशात घालून घरी यायला हवं होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण मी बाजूचा डोळा उघडला, आणि आत गुलाबी दिसलं. नखाच्या टोकाएवढं, घडी घातलेलं गुलाबी. यंदा भिवंडीत कधी नव्हे अशी थंडी पडली होती, लोकांनी पोरांना स्वेटर घेतले, ती थंडी तुझ्या झाडानेही मनावर घेतली होती. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्यात फुलं होती. आणि मी काय केलं? मी म्हटलं, चांगदेव, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. आणि दुसरी कळी उघडली. मग तिसरी. सगळीकडे गुलाबीच. मला इतका आनंद झाला होता की तो आनंद मी कापून काढतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हात पोचत होता तिथपर्यंत मी एक कळी शिल्लक ठेवली नाही. शेंड्याची एक फांदी उंच होती, ती कापूनच घरी आणली, सावकाश बसून बघू म्हणून. मग इद्रीसभाईंना आनंदाची बातमी द्यायला धावलो.

इद्रीसभाई हिशेबाला बसले होते. मी सगळं सांगितलं, विडी आणि वहीपासून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, अरे पण भिंतीचं तर मी परवाच रद्द केलं, मावशी येऊन गेल्या ना. मी म्हटलं, कोण मावशी? तर आपल्या आई! दोन दिवस आधी त्या काठी टेकत एकट्या त्यांच्याकडे गेल्या होत्या. म्हणाल्या, झाडाला कळ्या आल्यात, बोटाला लागतात, माझा तुळशी यायचा हाय, एवढं फुलू द्या. घरात कोणाला बोलल्या नव्हत्या. तुला आधीच कळलं तर तू बर्फाबिर्फाचं निमित्त काढशील, आणि उमललेल्या फुलापुढे तुझं निमित्त चालणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. इद्रीसभाईंनी भिंत दुसऱ्या बाजूला घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे माझ्या पात्याची, भिंगाची, सोळा वर्षांच्या ज्ञानाची कोणाला काही गरजच नव्हती. त्यांनी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई झाडापाशी गेल्या. मी खिडकीतून बघत होतो, पण बाहेर जायची छाती झाली नाही. एक फांदी चाचपली, दुसरी चाचपली, मग पहिली परत. कापलेल्या जागी बोट थांबत होतं. ‘आज न्हाय’ म्हणाल्या नाहीत. पण तुला माहीत आहे, जावयाला टाकून बोलायचं नाही ही आईंची रीत. म्हणून त्यांनी कोंबडीला झाडलं. मुडद्या, तुला डोलं दिलं तं त्याचा ह्यो उपेग? शिकलास म्हून काय समद्याला चिरून बघशील? कोंबडी बिचारी अंगणभर पळत होती आणि प्रत्येक शब्द मला लागत होता. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं रे. संध्याकाळी माझ्या ताटात भाकरीवर तूपही नेहमीसारखंच होतं, तेवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

तेव्हा तुळशीराम, तुझ्या अटीप्रमाणे झाड फुललं नाही, आणि त्यात झाडाचा दोष नाही. ते तुझ्याकडून आलं, चार उन्हाळे सोसले आणि शब्दाला जागलं. आड आलो तो मी. पुढच्या वर्षी थंडी पडेल की नाही कोणास ठाऊक, आणि तोपर्यंत आईंच्या बोटांना तरी काही कळेल की नाही, हेही मला कोणी सांगत नाही. फार वाईट वाटतंय. जास्त लिहवत नाही. छातीला लोकर बांध.

तुझा,
चांगदेव

ता.क. हे पत्र लिहिण्यामागे एक छोटं काम होतं ते राहिलंच. आणखी एक रोप पाठव. या वेळी त्याला चिठ्ठी बांध, जात लिहून. मी शपथ घेतो, भिंग कॉलेजातून घरी आणणार नाही आणि पातं दाढीशिवाय हातात धरणार नाही.

ता.क. २. पाकीट चिकटवायचं राहून गेलं, ते बरंच झालं. शेंड्याची जी फांदी मी कापून आणली होती, ती तपासायची राहूनच गेली होती. हौसा हिरवं काही फेकत नाही, तिने ती हॉर्लिक्सच्या बाटलीत पाणी घालून खिडकीत ठेवली होती. आज सकाळी तिला एक फूल आलंय. फिकं गुलाबी, पाच पाकळ्या, गुलाबाच्या घराण्याला शोभेल असं. आता ‘झाड फुललं’ या सदरात हे बसतं का? इद्रीसभाई म्हणतात बसतं. मॅडम म्हणाल्या की फांदी झाडाची असली तरी बाटलीतलं फूल शास्त्राने झाडावर गणता येत नाही, आणि नुसत्या फुलावरून आडू की बदाम हे मी तरी सांगणार नाही. मी कोणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नाही, म्हणून तुलाच विचारतो.

ता.क. ३. आईंनी हे सगळं पत्र हौसाकडून वाचून घेतलं. बोटाने ते फूल हळूच चाचपलं, आणि आत्ता माझ्यासमोर बसून सांगतायत ते लिहितो, यात माझं अक्षर एक नाही. तुलशी, फूल आलाय. तुजा बोल तू पाल. झाड तिच्या म्हायेरचा हाय ता मला ठावं हाय, गोनपाटाला घातलेला टाका बाईच्या हातचा व्हता, ता मी पयल्या दिशीच वलखला. आडू का बदाम ता हितं कुनालाच कलत न्हाय. तिलाच कलंल. तिला संगती घेऊन ये.

(मी म्हटलं, आई, फळ लागल्याशिवाय तिलाही कळणार नाही, शास्त्र असं सांगतं की... तेवढ्यात हौसाने माझ्या पायावर पाय दिला. म्हणून इथेच थांबतो.)