ठोकळ्यांची पेटी आणि ताईची खोली

मी, खाली सही करणारी, निवृत्त भाषाशिक्षिका, शाळेत सगळ्यांना 'ठोकळेबाई' म्हणून ठाऊक असलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात आहे आणि ती सध्या मधल्या खोलीत झोपली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या पश्चात राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. माझे पती हयात नाहीत. मात्र माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, जिवंत असेपर्यंत मधल्या खोलीत राहील आणि तोवर घर विकता येणार नाही.

मुलाला हे पटलेले नाही. "आई, दोघी माझ्याकडे या. तिथे तुमचं कोण करणार?" तो फोनवर म्हणाला.

"आम्हीच एकमेकींचं करतो की."

"अगं, मावशीला इकडेही ठोकळे लावता येतील!"

त्यावर मी फोन ठेवला. तो काळजीपोटी बोलला, त्याला कोणी बोल लावू नये. पण कारण लिहून ठेवते, म्हणजे मी गेल्यावर त्याने मला हट्टी म्हणायचेच असेल तर निदान सगळे ठाऊक असताना म्हणावे.

मी नोकरीला लागले तेव्हा व्याकरण म्हणजे घोकंपट्टी. मुले व्याख्या धडाधड म्हणत आणि साधे वाक्य विचारले की छताकडे बघत. घरी हे सांगितल्यावर आमच्या ह्यांनी, ते कारखान्यात सुतारकाम करत, खोक्यांच्या फळ्या तासून ठोकळे करून दिले. एका ठोकळ्यावर एक शब्द. मी ते मुलांच्या हातात दिले आणि मुलांनाच वाक्य व्हायला सांगितले.

खेळ असा. 'मुलगी' कर्ता, 'दोर' कर्म, 'ओढते' क्रियापद. क्रियापदाने कर्त्याचा हात धरायचा, कारण मुलीच्या जागी मुलगा आला तर त्याला 'ओढतो' व्हावे लागते. मग मी मुलीच्या हातात 'ने' द्यायची. मुलीने दोर ओढला. आता क्रियापदाने मुलीला सोडून दोराचा हात धरायचा, कारण ते आता दोराचे ऐकते. आणि दोराच्या जागी 'गाडीला' आली, म्हणजे 'मुलीने गाडीला ओढले' झाले, की क्रियापद कोणाचाच हात धरत नाही, एकटे ऐटीत उभे राहते. त्या जागेसाठी मुलांची ढकलाढकली चाले. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे मी नंतर सांगायची. तोवर प्रयोग त्यांच्या अंगात भिनलेले असत.

ताई त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात व्याकरणच शिकवी. कडक शिस्तीची. भिंतीपलीकडचा हशा तिला सहन होईना. तिने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. "ही शाळा आहे की बाजार?" असे मला विचारून त्यांनी ठोकळ्यांची पेटी कोठीत टाकली आणि कुलूप लावले. मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर खेळ चालू ठेवला, पण ताईशी बोलणे टाकले. कित्येक वर्षे आम्ही दोघी सख्ख्या बहिणी शिक्षकखोलीच्या दोन टोकांना बसून डबे खात होतो. पेटी मला परत मिळाली ती माझ्या निरोपसमारंभात, धुळीसकट.

मग ताईला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. तिला पाणी हवे असे आणि तोंडातून 'खिडकी' येई. ती एकटीच राहायची, म्हणून इस्पितळातून मला निरोप आला. मी गेले. काय बोलावे ते मलाही सुचत नव्हते, म्हणून पेटी घेऊन गेले.

पहिले काही दिवस तिने ठोकळे नुसते दूर सारले. एकदा गडबडीत मी मांडले: 'ताईने चहा घेतली.' तिने ते पाहिले. डावा हात हळूहळू पुढे आला, 'घेतली' उचलून बाजूला ठेवले, पेटीत चाचपून 'घेतला' शोधले आणि जागेवर बसवले. मग तिने माझ्याकडे असे बघितले, जसे ती मागच्या बाकावरच्या मुलांकडे बघायची. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतले.

त्या दिवसापासून मी रोज चुकीची वाक्ये मांडू लागले. लिंग चुकवले, वचन चुकवले, कर्त्याचा 'ने' पळवला. ती रोज दुरुस्त करी. तिला मी घरी आणले, मधली खोली दिली. बऱ्याच महिन्यांनी एके सकाळी मी 'भिंतीने रंग पडले' असे काहीतरी भयंकर मांडले, तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, "किती चुकतेस गं तू!"

आता ती बरेच बोलते. अडली की ठोकळ्यांकडे वळते. त्या खोलीत, त्या टेबलाशी तिला वाक्य सापडते. म्हणून घर विकायचे नाही.

२. पेटी ताईजवळ राहावी. तिच्यानंतर इस्पितळातल्या वाचा-उपचाराच्या बाईंना द्यावी. शाळेने मागितल्यास देऊ नये, ते काचेच्या कपाटात ठेवतील. वापरणाऱ्याला एकच सूचना: चुका आपण करायच्या, दुरुस्त समोरच्याने करायच्या.

३. ताईवरचा राग माझ्या मालमत्तेत धरू नये. तो मी हयातीतच संपवला आहे. मुख्याध्यापकांवरचा थोडा शिल्लक आहे, तो कोणालाही देत नाही.

४. पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. शिवणयंत्र सुनेला द्यावे, तिने ते कधीपासून मनात धरले आहे.

५. हा मसुदा मी काल ताईला वाचून दाखवला. 'माझ्या पश्चात' या शब्दांशी तिने मला थांबवले.

"मोठी कोण?"

"तू."

"मग आधी मी."

"ताई, असं आपल्याला ठरवता येतं का?"

"रांग म्हणजे... रांग," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

तेव्हा दुसरी शक्यताही लिहिते. मृत्युपत्रात जिवंतपणीचे काही लिहीत नाहीत असे वकील म्हणाले, तरी लिहिते. ताई आधी गेली, तर मुलाने मला न्यायला यायची घाई करू नये. मधल्या खोलीत मला थोडे दिवस एकटीला बसू द्यावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली आहे.

(सही) ठोकळेबाई

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. (सही) शेजारचे शिंपीकाका
२. (सही) कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०१५