वरच्या तुकड्यातलं गरवं

बा, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा धड बोलले नाही. बोलायला गेले की माझा आवाज मीटिंगमधला होतो, 'शेतकरी बंधू आणि भगिनींनो' असा. तो आवाज तुला मुळीच आवडायचा नाही. "नीट बोल की गं, हितं कोण बहिरं हाय?" म्हणायचास. म्हणून आज लिहायला बसलेय. रविवारची दुपार आहे, नाशिकच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळतायत, आणि मला एक गोष्ट तुला सांगायची आहे जी तुला आधीच ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात त्र्यंबकच्या बाजूला एका गावात भाताचं प्रशिक्षण घेतलं. पावसावरच्या भाताचं उत्पन्न कसं वाढवायचं, तेच, जे मी इतकी वर्षं सांगते आहे: रोप कोवळं असताना लावा, एका जागी लावायची चूड दोन-तीन काड्यांचीच ठेवा, दोरी धरून ओळी करा. आणि जमीन बघून वाण निवडा. ह्या शेवटच्या मुद्द्याला मी नेहमी एक किस्सा सांगते. एक शेतकरी होता. त्याला गरवं बियाणं दिलं होतं, म्हणजे उशिरा पिकणारं. ओल धरणाऱ्या खालच्या खाचरात लाव म्हणून सांगितलं होतं. पठ्ठ्यानं लावलं वरच्या मुरमाड तुकड्यात! पाऊस गेला आणि भात उभ्या उभ्या वाळलं. इथे लोक हसतात. बा, तो शेतकरी तू आहेस. चौदा वर्षं मी तुझ्यावर लोकांना हसवतेय.

ह्या वेळी मागे बसलेले एक म्हातारे बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तो मानूस जन्मभर भातच करीत व्हता ना? मंग त्याला येवढं ठावं नसंल व्हय? कुनीतरी सांगितलं असंल त्याला." मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चला, चहा आलाय.

खरं काय झालं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी नुकतीच कृषी सहाय्यक झाले होते आणि नेमकं आपलंच गाव माझ्याकडे आलं होतं. प्रात्यक्षिकासाठी बियाणं आलं ते गरवं. प्रात्यक्षिक मला रस्त्याकडेला हवं होतं; तालुक्याचे साहेब जीपमधून उतरले की समोर फलक दिसला पाहिजे. आणि रस्त्याकडेला आपला वरचा तुकडाच होता. तू बियाण्यात हात घातलास, मूठभर उचललंस आणि म्हणालास, "चांगलं हाय. पन वरच्या तुकड्याला हळवंच लागतं गं, लवकर पिकनारं. तिथं पानी ठरत नाय." तिथे तुम्ही कायम हळवंच घ्यायचात. ते दसऱ्यापर्यंत हाताशी यायचं, मग तू आणि आई, तुम्ही दोघं पिंपळगावला द्राक्षाच्या छाटणीला जायचात, आणि त्या छाटणीवर माझं कॉलेज झालं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय बोलले? "बा, ह्यातलं मी शिकून आलेय. तू नको शिकवूस मला." आई चुलीपुढे होती, तिला ऐकूसुद्धा गेलं नाही. तू मूठ परत पोत्यात सोडलीस आणि म्हणालास, "बरं. तू म्हनतीस तर." आवणीला, रोपं लावताना, तूच सगळ्यांच्या पुढे होतास, माझी दोरी धरून.

भात दिसायला इतकं देखणं आलं की मी फलकाशेजारी उभी राहून फोटो काढून घेतले. मग पोटरीत आलं, लोंब्या धरायची वेळ झाली, आणि पाऊस गेला. खाली खाचरांत ओल होती, तिथलं माझ्या पद्धतीनं लावलेलं भात कधी नव्हे इतकं उतरलं. वर मात्र लोंब्या निसवल्या त्या दाण्याविना ताठच राहिल्या. तू एक लोंबी चुरडून फुंकलीस, तर तळहातावर काहीच उरलं नाही.

साहेब आले तेव्हा शाळेच्या ओट्यावर सगळं गाव जमलेलं होतं. त्यांनी विचारलं, "प्रात्यक्षिकाची ही काय दशा?" मी वही उघडली. तेवढ्यात तू उठलास. टोपी काढून म्हणालास, "सायेब, पोरीनं खालच्या खाचरात लाव म्हनून सांगितलं व्हतं. मीच ऐकलं नाय, हट्टानं वर लावाया लावलं." कुणीतरी मागून बोललं, "म्हाताऱ्याला हळवं-गरवं कळंना व्हय आता!" आणि गाव हसलं. तेच गाव, जे दर आवणीच्या आधी तुझ्याकडे यायचं, कोणत्या तुकड्यात काय टाकू म्हणून विचारायला. मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं, देवाला ठाऊक.

घरी येताना मी विचारलं, असं का केलंस? तू म्हणालास, "तू हळवी हाईस. चार मानसांत तुला सोसलं नसतं. मला काय व्हतंय, मी गरवा."

तसं झालं नाही, बा. पुढच्या वर्षी आपल्या ओट्यावर तुला विचारायला कुणी आलं नाही. लोक माझ्याकडे यायला लागले. तू दारात बसून त्यांना माझ्याकडे येताना बघायचास, आणि पाणी द्यायचास. त्यानंतरच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तू गेलास. डॉक्टर ताप म्हणाले, मीही तेच सांगते. आता गावाचं भात वाढलंय, माझ्यामुळे वाढलं असं लोक म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण त्या दिवशी तू खरं बोलला असतास, तर माझी दोरी पुन्हा कुणी हातात धरली नसती. तू माझा शब्द राखलास आणि तुझा घालवलास. मी तेव्हा नुसतं उठून उभं राहायला हवं होतं. तेवढं झालं नाही माझ्याच्यानं. लाज वाटते रे, फार लाज वाटते.

पुढच्या महिन्यात आपल्याच गावात बैठक आहे. तिथे उभं राहून सांगावं, असं मनात आहे. त्याआधी आईला सांगायला हवं. ती आता माझ्याकडेच असते, आणि तिलाही मी आजवर खरं सांगितलेलं नाही.

आत्ता ती गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. "सुट्टीच्या दिशी काय लिवतीस येवढं?" मी वही मिटली आणि म्हटलं, "काही नाही गं, ऑफिसचं." ती वाळलेले कपडे दोरीवरून काढता काढता म्हणाली, "लिव, लिव. तुझ्या बानं त्या साली तुझं ऐकाया पायजे व्हतं बघ."

आणि मी 'हो' म्हणाले, बा.