द्वारकाजींची थाळी आणि इतर जिनसा

मी, निशिगंधा जयंत पंडित, वय चोवीस, हाल मुक्काम प्रताप नगर, जयपूर, उद्या अपेंडिक्स काढून घेणार आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. ते नेहमी असेच म्हणतात, म्हणून डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. शाळेत जाण्याआधी बाबांनी घरीच अक्षरे गिरवून घेतली, तेव्हाच सांगितले होते : चूक खरवडायची नाही, रेघ मारून शेजारी सही करायची. माझी एक चूक दहा महिने तशीच आहे.

१. स्कूटी भाऊ कौशिक याला. पुढचा ब्रेक लागत नाही, हे त्याला ठाऊक आहे, त्यानेच बिघडवला.

२. माझी गादी विद्याधर नगरच्या घरमालकांच्या भाच्याला. बाबांची कोट्याला बदली होऊन रेल्वे क्वार्टर सुटले, तेव्हा मी त्यांची खोली पाहायला गेले. चहा देऊन त्यांनी विचारले, "महाराष्ट्र में आप लोग कौन होते हैं जी?" मी म्हटले, "बौद्ध." चहा संपायच्या आत त्या खोलीत भाचा राहायला येणार असल्याचे ठरले. 'किराये के लिए खाली'ची पाटी अजून आहे. भाचा सापडेपर्यंत गादी कौशिकने वापरावी.

३. बाबांचे मित्र सदाशिवकाका साक्षीदार आहेत, म्हणून मनात असूनही त्यांना काही देता येत नाही. साक्षीदाराच्या नावे ठेवलेली वस्तू कायद्याने त्याला मिळत नाही, असे ऐकले आहे.

४. स्टीलची थाळी घरमालकीण द्वारकाजी खंडेलवाल यांना परत. जानेवारीत खोली मागताना मी फक्त नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "अरे, पंडित! पहले बताना था ना, बेटा!" आमच्याकडे पंडित हे नुसते आडनाव असते, हे सांगायला मी तोंड उघडले आणि कौशिकने पायावर पाय दिला. सप्टेंबरात सासूबाईंच्या श्राद्धाला त्यांनी मला ब्राह्मणाची मुलगी म्हणून पाटावर बसवले, माझ्या पाया पडल्या, थाळी दिली. मी खीर दोनदा घेतली. खीर परत करता येत नाही, याचे वाईट वाटते. वाचले तर खोलीही सोडीन.

पुरवणी : ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना न ऐकवणे म्हणजे चहाडी, म्हणून कलम चार मी द्वारकाजींना हिंदीत वाचून दाखवले. त्यांनी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली.

"दो बार ली थी खीर?"

"जी."

"सास के हाथ की होती, तो एक बार भी न लेती." मग म्हणाल्या, "ला, दस्तखत कहाँ करने हैं?"

मी घाबरून सांगितले, साक्षीदार झालात तर थाळी मिळणार नाही.

"मेरे ससुर कचहरी में वसीयतें लिखते थे. मुझे मत सिखा."

सही करून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "ये 'हाल मुक्काम' क्या है?"

"मतलब, अभी के लिए यहाँ."

"काट इसे."

साक्षीदार : १. सदाशिव रामटेके. २. द्वारका खंडेलवाल, खालचा मजला.

जयपूर, १४ नोव्हेंबर २००६.

निशिगंधा जयंत पंडित, वरची खोली.

(पहिल्या ओळीत 'हाल मुक्काम' खोडून 'राहणार' केले. खाडाखोड मान्य. नि. पं.)